गर्भाची अंगनिर्मिती आणि दुसऱ्या महिन्यातील पुडी

रचनाशारीर हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविला जातो. परीक्षा संपली की गर्भावक्रान्तीचे अध्याय मिटले जातात आणि पुढे व्यवसायाच्या धकाधकीत ते क्वचितच उघडले जातात. प्रसूतितंत्राचा विशेष अभ्यास करणारे वैद्य सोडले, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात कलल, घन, पिंड, पेशी, अर्बुद एवढे शब्द उरतात. वास्तविक नित्याच्या चिकित्सेत, आणि औषधविक्रीच्या टेबलावर तर विशेषच, या अध्यायांचा संबंध दररोज येतो. कळंब्यासारख्या शहराला लागून असलेल्या गावात, गारगोटी रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या रुग्णांमध्ये बसून चिकित्सा करताना आम्हांस तो पदोपदी जाणवत आला आहे. म्हणून या लेखात गर्भाचे अवयव कसे व केव्हा तयार होतात याचा परामर्श घेऊन त्या ज्ञानाचा आपल्या व्यवहाराशी असलेला संबंध वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कोणता अवयव?

गर्भाचे कोणते अंग प्रथम निर्माण होते, हा वाद आपल्या संहितांत दोन ठिकाणी आला आहे. सुश्रुतांच्या शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शौनक शिराच्या बाजूने बोलतात, कृतवीर्य हृदयाच्या, पाराशर नाभीच्या, मार्कण्डेय हातापायांच्या, तर सुभूति गौतम मध्यशरीराच्या. चरकांच्या शरीरविचय अध्यायातील सभा याहून मोठी आहे. तेथे भद्रशौनक पक्वाशय व गुद यांचा पक्ष घेतात, वैदेह जनक इंद्रियांचा; आणि मारीचि कश्यप तर हा विषय प्रत्यक्षाच्या पलीकडचा असल्याने त्याचा विचारच करता येत नाही, असे सांगून मोकळे होतात. (हे शेवटचे उत्तर आम्हांस नेहमीच प्रामाणिक वाटत आले आहे.) दोन्ही संहितांत अखेरचा शब्द धन्वंतरींचा आहे. सर्व अंगे एकाच वेळी निर्माण होतात, परंतु सूक्ष्मत्वामुळे ती दिसत नाहीत, असा तो निर्णय. सुश्रुतांनी दिलेले दृष्टांत वेळूच्या कोंबाचे व आंब्याचे आहेत. पिकलेल्या आंब्यात केसर, गर, कोय वेगवेगळी दिसतात; कोवळ्या कैरीत ती असूनही ओळखू येत नाहीत, कालाने ती व्यक्त होतात.

या निर्णयाचा अर्थ लावताना दोन प्रकारचे टोक टाळले पाहिजे. बीजात इवलेसे पूर्ण शरीर घडी घालून ठेवलेले असते आणि ते केवळ मोठे होत जाते, असा त्याचा अर्थ नाही. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत असे मानणारे विद्वान होते आणि सूक्ष्मदर्शकाने त्यांचे मत खोडून काढले. दुसरे टोक म्हणजे आजचे सर्व भ्रूणशास्त्र संहितांत आधीच लिहून ठेवले आहे असे सांगण्याचा आपल्या काही व्याख्यात्यांचा उत्साह. सुश्रुतांनी गर्भव्याकरण अध्यायात यकृत् व प्लीहा रक्तापासून आणि फुफ्फुस रक्ताच्या फेसापासून झाल्याचे सांगितले आहे. गर्भावस्थेत यकृत् काही काळ रक्तनिर्मितीचे प्रमुख स्थान असते हे खरे. तथापि यकृताचा व फुफ्फुसाचा अंकुर चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या आद्य भागापासून फुटतो, रक्तापासून नव्हे. जेथे जुळत नाही तेथे तसे स्पष्ट म्हणावे. घाणेकरांनी आपल्या सुश्रुतटीकेत पाश्चात्त्य शारीर शेजारी ठेवून तुलना करण्याची जी पद्धत घालून दिली, ती याच निःसंकोच वृत्तीची आहे.

प्रत्यक्षात काय घडते?

गर्भधारणेनंतर सहा-सात दिवसांनी गर्भ गर्भाशयाच्या अंतस्त्वचेत रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे तीन स्तर होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, मध्यस्तरापासून हृदय, अस्थी, मांस, वृक्क, आणि अंतःस्तरापासून महास्रोताचे व श्वासमार्गाचे अस्तर होते. साधारण बाविसाव्या दिवशी हृदय स्पंदू लागते. कार्य करू लागणारा पहिला अवयव तोच, तेव्हा कृतवीर्याच्या पदरात एवढे श्रेय टाकावयास हरकत नाही. त्याच सुमारास पाठीच्या बाजूचा सपाट पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जाऊन त्याची नळी बनत असते. हीच मज्जानलिका. तिचे डोक्याकडील तोंड सुमारे पंचविसाव्या आणि खालचे तोंड सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. हातांचे अंकुर सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी, पायांचे त्यानंतर एक-दोन दिवसांत. या वेळी गर्भाची लांबी मसुराच्या दाण्याएवढी, चार-पाच मिलिमीटर असते. सहाव्या आठवड्यात आंत्र पोटात मावेनासे होऊन नाळेत उतरते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास वळसा घेऊन परत येते. बोटे आरंभी पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी नियत वेळी मरतात तेव्हा ती सुटी होतात. आठवा आठवडा संपतो तेव्हा गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, पण जवळजवळ प्रत्येक अवयवाचा पाया घातला गेलेला असतो. पुढील सात महिने मुख्यतः वाढीचे व परिपक्वतेचे. तिसऱ्या महिन्यात सर्व इंद्रिये व सर्व अंगावयव एकाच वेळी प्रकट होतात असे चरकांनी म्हटले आहे, ते या वेळापत्रकाच्या किती जवळ जाते हे वाचकांनीच पाहावे.

'एकाच वेळी' या शब्दांना भ्रूणशास्त्राने आणखी एक खोल अर्थ दिला आहे. कोणताही अवयव एकटा घडत नाही. शेजारच्या अवयवाने त्याला हाक द्यावी लागते. जर्मन शास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी १९०१ साली बेडकाच्या भ्रूणातील नेत्राचा मूळ अंकुर नष्ट केला, तेव्हा त्या बाजूच्या त्वचेत दृष्टिमणी तयारच झाला नाही. पुढे १९२४ मध्ये त्यांनी व हिल्डे मांगोल्ड यांनी एका पाणसरड्याच्या भ्रूणातील छोटासा भाग दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूस बसविला. तेथील पेशी पोटाची त्वचा व्हायच्या, त्या मज्जारज्जू, मणके असे घडवू लागल्या आणि एका भ्रूणावर दुसरा भ्रूण उभा राहिला. या कार्याबद्दल स्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृक्काची कथा अशीच परस्परावलंबनाची. मूत्रवाहिनीचा अंकुर वृक्काच्या पेशीसमूहात शिरतो, तो समूह अंकुराला फाटे फोडावयास लावतो आणि अंकुर त्या समूहाला वृक्काचे रूप देतो. दोहोंपैकी एक नसेल तर दुसराही नाही.

हे संशोधन परदेशातच झाले असे नाही. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी १९५० च्या दशकापासून कोंबडीच्या भ्रूणावर काम केले. भ्रूणाच्या कोणत्या भागांत इतर पेशींना मज्जासंस्थेचे रूप देण्याची शक्ती आहे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कोंबडीचे अंडे या कामी सोयीचे, कारण उबवावयास ठेवल्यावर दुसऱ्या दिवशीच त्यात हृदय स्पंदू लागते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. ज्यांना प्रयोगशाळा उपलब्ध नाही त्यांनी पहिल्या पावसानंतर कळंबा तलावाच्या काठची डबकी पाहावीत. बेडकाच्या अंड्यातून शेपटीचा जीव बाहेर पडतो, त्याला आधी मागचे पाय येतात, मग पुढचे, आणि शेपूट गळून न पडता अंगातच जिरते. आमच्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हे आवर्जून दाखवितो. त्या डबक्यात कीटकनाशकाचा अंश आला की काय होते, तेही कधी कधी दिसते.

दिवसांचा हिशेब

येथपर्यंतचा भाग पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. आता हेच दिवस रुग्णेच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहू. व्यवहारात गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी झालेली असते. अठ्ठावीस दिवसांची नियमित पाळी असलेल्या स्त्रीची पाळी चुकते त्या दिवशी गर्भ चौदा दिवसांचा असतो. ती आणखी आठ दिवस वाट पाहते. या आठव्या दिवशी गर्भ बावीस दिवसांचा आहे, म्हणजे हृदय नुकतेच सुरू झाले आहे आणि मज्जानलिका मिटण्याच्या बेतात आहे. आणखी सहा दिवसांनी नलिकेचे दोन्ही टोकांचे काम संपलेले असेल. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पहिली भेट बहुधा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस वा तिसऱ्यात होते. ज्या काळात अवयव घडतात त्या काळात गर्भिणीला आपण गर्भिणी असल्याचेच ठाऊक नसते, आणि तिला भेटणारा पहिला माणूस पुष्कळदा औषधाच्या दुकानातील विक्रेता असतो.

तेथे ती काय मागते? 'पाळी आठ दिवस लांबलीय, काहीतरी द्या की,' असे म्हटले जाते आणि रजःप्रवर्तनी वटी पुढे केली जाते. कुमारीसत्त्व, कासीस, टंकण व हिंग यांचा हा योग रजोरोधात उपयुक्त आहे याविषयी आमचे दुमत नाही. पण रजोरोधाचे सर्वांत सामान्य कारण गर्भधारणा हेच होय. लघवीची गर्भतपासणीची पट्टी त्याच दुकानात, बहुधा त्याच कपाटात असते. तपासणी न करता ही वटी देणे म्हणजे गर्भाच्या तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी उष्ण, तीक्ष्ण, भेदन द्रव्यांचा प्रयोग करणे होय. गर्भ टिकलाच, तर त्या दिवसांत काय घडले हे नऊ महिने कोणालाच कळत नाही. पारद, नाग यांनी युक्त रसौषधी आमवात, त्वग्रोग यांसाठी महिनोन्‌महिने देताना प्रजननक्षम वयाच्या स्त्रीस शेवटच्या पाळीची तारीख किती जण विचारतात? नाग अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते, हे निर्विवाद आहे. नियंत्रणात नसलेला प्रमेहदेखील याच आठवड्यांत हृदय व मज्जानलिका यांची विकृती करतो. म्हणून प्रमेही स्त्रीची साखर गर्भधारणेच्या आधीच आटोक्यात यावयास हवी.

'आमची औषधे नैसर्गिक, त्यांनी अपाय होत नाही,' हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार सैलपणे वापरले जाते. निरुपद्रवीपणाच्या अशाच विश्वासावर थॅलिडोमाइड हे झोपेचे व उमासे थांबविण्याचे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातपाय खुंटलेली, कानांची विकृती असलेली अशी जन्मली होती. त्यांचा अभ्यास करता असे आढळले की गर्भाच्या विसाव्यापासून छत्तिसाव्या दिवसापर्यंतच्या काळात ज्या दिवशी गोळी घेतली, त्यानुसार विकृतीचे स्थान ठरले: आरंभीच्या दिवसांत कान व अंगठा, मग हात, मग पाय. ती गोळी चाळिसाव्या दिवसानंतर घेणाऱ्या मातांची बालके बहुतांशी अव्यंग निघाली. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त दिवसांचा.

पुंसवनाच्या नावाखाली

आता या लेखाचा सर्वांत अवघड भाग. आमच्या जिल्ह्यात 'मुलगा होण्याची पुडी' कोठे मिळते हे विचारावयास कोणाला लाज वाटत नाही. सासू सुनेला घेऊन येते आणि म्हणते, 'डॉक्टर, दीड म्हैना झालाय, आता पुडी दिली तर चालंल न्हवं?' दीड महिना ही वेळ तिने मनाने काढलेली नाही; ती परंपरेने चालत आलेली आहे. चरक व वाग्भट या दोघांनीही पुंसवनविधी गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावयास सांगितला आहे. गोठ्यात वाढलेल्या वडाच्या अंकुरांचा प्रयोग सर्वांस ठाऊक आहे. त्या काळच्या निरीक्षणानुसार आरंभी गर्भात स्त्री-पुरुषभेद दिसत नसे, म्हणून तो त्या वेळी ठरविता येईल असे मानले गेले. निरीक्षण अचूक होते. सहाव्या आठवड्यापर्यंत दोहोंच्या बीजग्रंथी सारख्याच दिसतात आणि बाह्य जननेंद्रिये तर नवव्या आठवड्यापर्यंत ओळखू येत नाहीत. पण न दिसणे म्हणजे न ठरणे नव्हे. शुक्राणूने वाय गुणसूत्र आणले की एक्स, यावर गर्भधारणेच्या क्षणीच लिंग ठरते. वाय गुणसूत्रावरील जे जनुक सातव्या आठवड्याच्या सुमारास बीजग्रंथीला वृषणाकडे वळविते, ते १९९० साली ओळखले गेले. धन्वंतरींचा आंब्याचा दृष्टांत येथे तंतोतंत लागू पडतो: कैरीत कोय दिसत नाही, म्हणून ती आपण बदलू शकतो असे नाही.

तेव्हा ही पुडी लिंग बदलीत नाही. मग ती काय करते? ती नेमकी अवयवनिर्मितीच्या आठवड्यांत पोटात जाते. हरियाणात झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलगा व्हावा म्हणून अशी देशी औषधे घेतलेल्या स्त्रियांच्या बालकांत जन्मजात विकृतींचा संभव सुमारे तिप्पट आढळला. अशा औषधांच्या काही नमुन्यांत वनस्पतिज इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये आणि काहींत चक्क टेस्टोस्टेरॉन सापडले. शिवलिंगीचे बीज हे त्यांतील नेहमीचे द्रव्य. ही वनस्पती वंध्यत्वचिकित्सेत वापरणारे वैद्य आहेत व त्यांचा अनुभव आम्ही नाकारीत नाही. परंतु गर्भधारणेपूर्वीचा प्रयोग वेगळा आणि गर्भाच्या तिसाव्या दिवशीचा वेगळा. पुत्रजीवक या नावातील 'पुत्र' शब्दावरूनही ग्राहकांची समजूत अशीच होते व काही विक्रेते ती होऊ देतात. निघंटूंनी त्यास गर्भद म्हटले आहे, पुत्रद नव्हे.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८६३ झाली. मधल्या काळात, २०१० च्या सुमारास, तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर बसविण्याचा उपक्रम राबविला आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. यंत्रावर पहारा बसला. पुडीवर मात्र बसला नाही. वस्तुतः कायदा पुडीलाही लागू आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा केंद्रीय कायदा २००३ मध्ये सुधारला गेला तेव्हा लिंगनिवडीची व्याख्या व्यापक करण्यात आली. विशिष्ट लिंगाचे अपत्य व्हावे वा तशी शक्यता वाढावी यासाठी कोणतीही वस्तू देणे, लिहून देणे किंवा पुरविणे हे सर्व त्या व्याख्येत येते. तीन वर्षांपर्यंतचा कारावास त्यास आहे. हे फार्मसीचालकांनी विशेष ध्यानात घ्यावे, कारण 'आम्ही केवळ विकतो' हा बचाव त्या व्याख्येपुढे टिकणारा नाही. एका औषध प्रतिनिधीने आमच्या टेबलावर असा एक 'कोर्स' ठेवून बोटाने फक्त दोन महिन्यांची खूण केली होती. वेष्टनावर पुत्र हा शब्द कोठेही नव्हता. त्यास आम्ही दार दाखविले.

अनुपस्कृत दूध

मग गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत वैद्याने काय द्यावे? चरकांनी जातिसूत्रीय अध्यायात मासानुमासिक पथ्य सांगताना आरंभ मोठ्या मार्मिकपणे केला आहे. गर्भ राहिला असावा अशी शंका येताच स्त्रीने योग्य मात्रेत थंड दूध वेळोवेळी प्यावे, आणि ते दूध अनुपस्कृत असावे. अनुपस्कृत म्हणजे कोणत्याही औषधाने सिद्ध न केलेले. मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले दूध दुसऱ्या महिन्यापासून आहे. निदान पक्के होण्याची वाट आचार्यांनी पाहिली नाही. शंका हाच त्यांचा निकष आहे. शतावरी, बला, क्षीरविदारी अशी सौम्य द्रव्ये हाताशी असताना त्यांनी पहिला महिना औषधाविना ठेवला, याचे महत्त्व आम्हांस भ्रूणशास्त्राचे वेळापत्रक शेजारी मांडल्यावरच पूर्णपणे उमगले. गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याप्रमाणे सांभाळावे, हा त्यांचाच उपदेश.

एक गोष्ट मात्र गर्भधारणेपूर्वीच द्यावी लागते. फोलिक आम्लाने मज्जानलिकेच्या विकृती टळतात हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. आधी तशी विकृती असलेले मूल झालेल्या मातांत पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटली. नलिका अठ्ठाविसाव्या दिवशी मिटत असल्याने ही गोळी तिसऱ्या महिन्यात सुरू करून त्या विकृतीपुरता उपयोग नाही. अपत्याची इच्छा असलेल्या प्रत्येक स्त्रीस सामान्यतः दररोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासून मिळावे, आणि पूर्वी तसे मूल झाले असेल तर मात्रा अधिक लागते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पथ्यापथ्याच्या आपल्या सल्ल्यात ही गोळी बसत नाही असे म्हणणारे सहकारी आम्हांस भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात आम्ही आता वेळ दवडीत नाही, गोळी लिहून घेण्यासाठी रुग्णेस पाठवितो.

आमच्या दवाखान्यात पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक विवाहितेच्या केसपेपरवर, तक्रार गुडघ्याची असो की खरजेची, शेवटच्या पाळीची तारीख सर्वांत वर लिहिली जाते. पस्तीस दिवस उलटले असतील तर तपासणी झाल्याखेरीज रसौषधी, विरेचन, बस्ती यांपैकी काही दिले जात नाही. आरंभी रुग्णांना हा प्रश्न चमत्कारिक वाटे. आता स्त्रिया तारीख स्वतःहून सांगतात.

औषधनिर्मात्यांकडे आमची एक मागणी आहे. वेष्टनावर 'गर्भिणीने घेऊ नये' असे छापले जाते. जिला आपण गर्भिणी असल्याचे ठाऊक नाही ती हे वाचून औषध ठेवून देत नाही. त्याऐवजी 'पाळी चुकली असल्यास तपासणी केल्याशिवाय घेऊ नये' असे शब्द मराठीत, मोठ्या ठशात छापावेत. आपल्या संघटनेच्या पुढील सभेत हा ठराव मांडण्याचा आमचा विचार असून, फार्मसीचालक सभासदांनी आपल्याकडील कोणत्या कल्पांवर ही सूचना हवी त्यांची यादी तोवर करून आणावी, अशी विनंती आहे.